यंत्राचे वय कोणी ठरवायचे?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे कयाधू नदीच्या काठचे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट असल्यामुळे पंजाबलाही ते परके नाही. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचे काम चालू आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसरचे किरण खेळवून अणुगर्भाहूनही सूक्ष्म हालचाल टिपणारे हे यंत्र असेल. अशाच ज्या दोन वेधशाळा अमेरिकेत यापूर्वीच कार्यरत आहेत, त्यांच्या नियंत्रणाची आणि गणिताची भिस्त ज्या संचालन प्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे, तिचे नाव लिनक्स.

लिनक्स ही कोणा एका कंपनीची मालमत्ता नाही. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी मोकळीक तिच्या परवान्यातच दिलेली आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध होते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली आढळलेली नाही. आणि हीच प्रणाली नरसीसारख्या एखाद्या गावातील शाळेच्या कुलूपबंद खोलीत, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली धूळ खात पडलेल्या बारा-तेरा वर्षांच्या संगणकावरही चालू शकते. औंढ्याच्या वेधशाळेला जे चालते ते त्या शाळेला का चालत नाही, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. तो मुळात तसा नाही.

शाळांतील या कुलूपबंद खोल्यांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची योजना सुरू केली आणि २०१० मध्ये तीत सुधारणा केली. महाराष्ट्रात ती 'बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा' या पद्धतीने कंत्राटदारांकडे सोपवण्यात आली. कंत्राटदाराने संगणक बसवायचे, शिकवणारा माणूस नेमायचा, कराराची वर्षे काढायची आणि नंतर सारे सामान शाळेच्या स्वाधीन करून निघून जायचे. करार संपला त्या दिवशी कंत्राटी शिक्षकाची नोकरीही संपली. शाळेला यंत्रे मिळाली. ती चालवणारा, त्यांतले बिघाड ओळखणारा माणूस मिळाला नाही. पुढे एखादा वीजपुरवठ्याचा भाग जळतो, एखादी हार्ड डिस्क कुरकुर करू लागते, कोणी तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आणतो आणि खोलीला कुलूप लागते. मग उरते ती केवळ जडवस्तू नोंदवहीतील नोंद. कचेरीच्या बोलीत तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात, आणि येथे तरी तो शब्द अधिक प्रामाणिक आहे.

ही यंत्रे खरोखरच मेली आहेत काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. २०२१ साली आलेली विंडोज ११ हवी असेल, तर संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर असला पाहिजे, अशी कंपनीची अट आहे. या एका अटीपायी जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाण्याचा संभव आहे, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता. १४ ऑक्टोबरच्या रात्री त्यांपैकी एकाही यंत्राचा पंखा थांबला नाही, एकही कळ निकामी झाली नाही. संपला तो कंपनीचा त्यांच्यातील रस. परंतु शाळा, बँका, पतपेढ्या आणि कचेऱ्या यांच्या दृष्टीने ती यंत्रे त्या दिवसापासून म्हातारी झाली. जनतेच्या पैशातून घेतलेल्या वस्तूचे आयुष्य किती, हे ती वस्तू वापरणाऱ्यांनी ठरवायचे, की हजारो मैलांवरील एखाद्या कंपनीच्या विक्री-आराखड्याने? २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर वासलात लागल्याची नोंद आहे. उरलेल्यातील मोठा वाटा गरीब देशांतील गरीब वस्त्यांत, उघड्या हातांनी तारा जाळणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत जातो. म्हणजे यंत्राच्या मृत्यूची तारीख एक वर्ग ठरवतो आणि त्याचे अंत्यसंस्कार दुसऱ्या वर्गाला करावे लागतात.

येथे समाजवादी चळवळीतील जुन्या वाचकांना १९७८ साल आठवेल. आयबीएम ही कंपनी त्या वर्षी भारतातून गेली. परकीय भागभांडवल कमी करण्याची अट तिला मान्य नव्हती आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असलेले जनता सरकार अट सोडायला तयार नव्हते. त्या वादाच्या गदारोळात एक गोष्ट बरीचशी विस्मरणात गेली. ही कंपनी भारतात जी यंत्रे भाड्याने देत असे, त्यांत १४०१ या जातीच्या संगणकांचा भरणा मोठा होता. हे यंत्र १९५९ साली बाजारात आले होते आणि कंपनीने स्वतःच १९७१ मध्ये त्याची विक्री बंद केली होती. पाश्चात्त्य देशांतील ग्राहकांनी टाकून दिलेली यंत्रे डागडुजी करून येथे आणायची आणि त्यांवर वर्षानुवर्षे भाडे वसूल करायचे, असा तो व्यवहार होता. यंत्र जुने, भाडे चालू आणि त्याच्या देखभालीचे ज्ञान मात्र कंपनीच्या माणसांच्या हाती. कंपनी गेल्यानंतर या यंत्रांचे काय होणार, अशी भीती मुंबई-दिल्लीच्या वृत्तपत्रांतून पुष्कळ व्यक्त झाली. झाले ते असे, की कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने त्यांची देखभाल अंगावर घेतली आणि ती यंत्रे पुढेही चालत राहिली. भारतीय अभियंत्यांच्या एका पिढीने संगणक उघडून पाहण्याचे धाडस तेथे केले. ही कंपनी २००१ मध्ये टाटा समूहाला विकण्यात आली, तो भाग वेगळा.

या प्रसंगातून निघणारा धागा सरळ आहे. १४०१ हे यंत्र १९७५ साली शोषणाचे साधन होते आणि १९७९ साली स्वावलंबनाचे. दरम्यान ते चार वर्षांनी अधिक जुने झाले होते. बदलले होते ते एवढेच, की त्याची देखभाल करण्याचे ज्ञान कोणाच्या हाती आहे.

मुक्त प्रणालींचे अनेक भक्त याच ठिकाणी घसरतात. संहिता खुली झाली की यंत्र आपोआप अमर होते, असे ते बोलतात. महाराष्ट्रातच घडलेला एक प्रयोग या समजुतीला चांगला उतारा आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट-धनगरवाडा नावाची वाडी आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतील वीसेक मुलांना ऑक्टोबर २००७ मध्ये हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ हे छोटे संगणक देण्यात आले. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या अमेरिकेत सुरू झालेल्या योजनेचा भारतातील तो आरंभीचा प्रयोग होता. शंभर डॉलरांत लॅपटॉप, ही तिची घोषणा. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या आसपास गेली. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता आणि त्या नकारामागील शंका सर्वस्वी चुकीच्या नव्हत्या. तरीही यंत्र म्हणून एक्सओ ही विलक्षण वस्तू होती. भर उन्हात वाचता येणारा पडदा, अत्यल्प वीज, धूळ-पाणी सोसणारी बांधणी, ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड नावाचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि वर लिनक्सवर बेतलेली शुगर ही मुलांसाठीची प्रणाली. जगभर अशी वीस लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली, त्यांतील बहुसंख्य पेरू आणि उरुग्वे या देशांत.

हा जिओड प्रोसेसर एएमडी कंपनीचा, आणि तो काहीसा आडवाटेचा. नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरना जे हुकूम समजतात, त्यांतील जवळजवळ सर्व त्याला समजतात. एक तेवढा समजत नाही. त्या हुकुमाचे नाव 'लाँग नॉप'. त्याचा अर्थ 'काहीही करू नकोस' एवढाच आहे. हे वाचून हसू येईल. पण संगणकाच्या शास्त्रात रिकाम्या हुकुमालाही काम असते. पुढचा हुकूम सोयीच्या जागी सुरू व्हावा म्हणून मध्ये भरावासाठी तो वापरतात. शिवाय हल्लेखोरांना रोखणाऱ्या नव्या सुरक्षा-खुणा अशा बेताने रचल्या आहेत, की त्या न ओळखणाऱ्या जुन्या प्रोसेसरने त्यांना रिकामा हुकूम समजून पुढे जावे. जिओडला तो रिकामा हुकूमच ठाऊक नसल्यामुळे तो तेथे अडतो आणि कार्यक्रम कोलमडतो. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली, लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षे जिओडची ही उणीव सांभाळून घेत होती. जून २०२३ मध्ये तिची बारावी आवृत्ती आली, तीत हा हुकूम अनिवार्य ठरला आणि जिओडचे नाव गळले. 'काहीही करू नकोस' ही आज्ञा पाळता आली नाही, म्हणून यंत्र बाद! सरकारी नोकरीत असते तर त्याला बढती मिळाली असती, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

विनोद बाजूला ठेवून पाहिले, तर हा निर्णय कोणा नफेखोराने घेतलेला नाही. मोजक्या लोकांनी, बहुतांशी विनामोबदला, हजारो प्रकारची यंत्रे किती काळ सांभाळायची, याला मर्यादा असते. जुन्या जातीचे यंत्र चाचणीसाठी जवळ ठेवणारा माणूस उरला नाही, की त्या जातीचा आधार जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ३२ बिटी पीसीवर ती नव्याने बसवण्याची सोयही थांबवण्यात आली. खुल्या संहितेच्या जगातही यंत्रे म्हातारी होतात. फरक आहे तो पुढे. कंपनीच्या बंद प्रणालीत दार लागले की लागले. येथे दाराला कुलूप नसते. जिओडसाठी खास संहिता तयार करून देण्याची सोय जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये आहे, लिनक्सच्या कर्नलमध्येही त्या प्रोसेसरसाठी वेगळा पर्याय आहे, आणि नेटबीएसडी ही दुसरी मुक्त प्रणाली त्याहून जुन्या ४८६ जातीच्या यंत्रांनाही अजून आपले म्हणते. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन-चार विद्यार्थी आणि एक जिद्दी प्राध्यापक एवढ्या बळावर त्या यंत्रांना नवी प्रणाली देता येते. हक्क शिल्लक आहे. तो बजावण्यासाठी लागणारे श्रम कोणी करायचे, एवढाच प्रश्न आहे. एक्सओची एक चिप मात्र याला अपवाद होती. त्यातील बिनतारी संपर्काच्या चिपचे फर्मवेअर तिच्या उत्पादकाने बंदच ठेवले आणि २००६ सालीच मुक्त प्रणालीच्या काही कार्यकर्त्यांनी त्यावर कडक टीका केली होती. ती टीका तेव्हा अतिरेकी वाटली. पण कोणत्याही यंत्राचे नंतरचे आयुष्य अशाच बंद तुकड्यांपाशी अडते.

औंढ्याच्या देवळासमोर नामदेवांना कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन बसले, तेव्हा देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. संगणकाच्या बाबतीत अशा चमत्काराची वाट पाहण्यात अर्थ नाही. केरळने ती पाहिली नाही. तेथे या शतकाच्या आरंभी शाळांसाठी आयटी अॅट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या दशकाच्या अखेरीस शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले गेले. शाळांच्या गरजेप्रमाणे प्रणालीची स्वतःची आवृत्ती करणे, मल्याळम भाषेत ती नीट चालते की नाही हे पाहणे, हजारो शिक्षकांना तयार करणे आणि विद्यार्थ्यांकडूनच बिघडलेली यंत्रे दुरुस्त करून घेण्याची शिबिरे भरवणे, हे सारे सरकारी यंत्रणेने केले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'लिटल काइट्स' या विद्यार्थी-मंडळांतून लाखाहून अधिक मुले या कामाला लागली. केरळने कंत्राटदाराऐवजी शिक्षकावर खर्च केला, एवढे सांगितले की त्या यशाचे निम्मे स्पष्टीकरण होते.

महाराष्ट्रात साधने कमी होती काय? सी-डॅक पुण्यात १९८८ साली स्थापन झाले. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्टचा कळफलक आणि लोहितसारखे मुक्त फॉन्ट अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. मराठी अनुवादाचे कष्टाचे काम स्वयंसेवकांनी कधीचेच करून ठेवले आहे. परंतु संगणक-साक्षरता म्हणजे एका कंपनीच्या मेनूंची पाठांतरे, असे समीकरण या राज्यात लक्षावधी तरुणांच्या माथी मारले गेले. सरकारी नोकरीसाठी लागणारी प्रमाणपत्रेही त्याच वळणाची. दिल्लीतील दुटप्पीपणा याहून बोलका आहे. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त प्रणालींना अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी लिनक्सवर आधारित 'माया' ही प्रणाली स्वीकारली. म्हणजे प्रश्न सैन्याच्या गुपितांचा आला, की परकीय कंपनीवर विसंबणे धोक्याचे ठरते. शाळेतील मुलाच्या वर्षांचा आला, की ते सोयीचे ठरते. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ उघडले. दुरुस्ती करणारा माणूस कोठून येणार, हे त्यावर लिहिलेले नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. श्रीमंतांच्या मुलांना नवे लॅपटॉप आणि मराठवाड्यातील मुलांना जोडून-सांधून चालवलेली जुनी यंत्रे, हाच का समतेचा अर्थ? दात्यांनी टाकलेले शाळांच्या गळ्यात मारण्याचा उद्योग या देशात धर्मादायाच्या नावाखाली पुष्कळ चालतो, आणि त्याला मुक्त प्रणालीचे गोंडस नाव देऊन चालणार नाही. नव्या यंत्रांची मागणी सोडायची, असा याचा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न आहे तो शाळेच्या मालकीच्या, जनतेने पैसे मोजलेल्या यंत्रांचा. त्यांतील २०१० नंतरची बहुतेक ६४ बिटी आहेत. हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली, स्मृती चार गिगाबाइटपर्यंत वाढवली आणि एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप घातला, तर त्यांवर मराठी लेखन होते, हिशेबाचे तक्ते होतात, जिओजेब्राने भूमिती शिकवता येते, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येतात आणि किविक्सच्या साहाय्याने इंटरनेटशिवाय मराठी विकिपीडिया वाचता येतो. आजकालची अवजड संकेतस्थळे मात्र त्यांवर धापा टाकत उघडतील, आणि जुन्या पीसी नव्या लॅपटॉपपेक्षा वीज जास्त खातील; हे लपवून शाळांना भरीस घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचा मदरबोर्डच गेला, ते यंत्र सन्मानाने रीतसर पुनर्चक्रीकरणाकडे धाडावे.

तेव्हा मागणी करायची ती नेमकी करावी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांचे निमित्त करून शाळांतील जुने संगणक सरसकट निर्लेखित करण्याचा मोह प्रशासनाला होईल. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही होण्यापूर्वी त्या यंत्रावर मुक्त प्रणाली चालवून पाहिली काय, हा एक रकाना त्या अर्जात असला पाहिजे. यापुढे सरकारी पैशाने जे यंत्र घेतले जाईल, त्याच्या प्रत्येक चिपसाठी खुला ड्रायव्हर किंवा त्याची कागदपत्रे देण्याची अट निविदेत घातली पाहिजे. बंद तुकडा असलेले यंत्र पहिल्या दिवसापासूनच अर्धे कंपनीचे असते. प्रत्येक तालुक्यात देखभालीची एक जागा निर्माण करावी, आणि ती कायम वेतनश्रेणीतील असावी. पाच वर्षांनी घरी पाठवलेल्या संगणक-शिक्षकांपैकी अनेकांना हे काम येते, आणि त्यांच्यापैकी कित्येक आज मोबाइल रिचार्जच्या टपऱ्यांवर बसले आहेत.

हिंगोली जिल्ह्यापुरते बोलायचे, तर आरंभाला फार मोठी तयारी लागणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि शेजारी नांदेडला १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लायगो-इंडियाच्या चार भागीदार संस्थांपैकी पुण्याची आयुका ही शाळांतील विज्ञानप्रसारासाठी प्रसिद्ध आहे. औंढ्याला येणाऱ्या तिच्या तंत्रज्ञांना लिनक्स शिकवावी लागणार नाही. जिल्हा परिषदेने त्यांना येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नरसीला बोलवावे, पंचक्रोशीतील शाळांच्या बंद खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या आणि तंत्रनिकेतनातील मुलांच्या हाती द्याव्यात, आणि किती यंत्रे चालू झाली, किती खरोखरच मेलेली निघाली, याचा आकडा जून महिन्यात शाळा उघडताना नोटीस फलकावर लावावा.